मालवाहतुकीत महाराष्ट्र किती पुढे, हे नेमकं कशावरून ठरवायचं?

२०२४-२५ या आर्थिक वर्षात न्हावाशेवा बंदरानं सुमारे ७३ लाख टीईयू हाताळले. टीईयू म्हणजे वीस फुटी कंटेनरचं माप. चाळीस फुटी पेटी आली की ती दोन धरतात. आदल्या वर्षी हाच आकडा ६४ लाखांच्या घरात होता. वाढ चांगली आहे, यात वाद नाही. पण हा आकडा वाचून "महाराष्ट्राची मालवाहतूक स्पर्धेत पुढे आहे" असं म्हणता येईल का? त्याच बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरच्या मालकाला विचारा, तो म्हणेल धंदा परवडत नाही. निफाडच्या द्राक्ष निर्यातदाराला विचारा, तो म्हणेल गाडी कधी पोचेल याचा भरवसा नाही. तिघांचंही खरं असू शकतं, कारण तिघं तीन वेगळ्या गोष्टी मोजतायत.

एखाद्या प्रदेशाच्या मालवाहतुकीची स्पर्धाक्षमता हा शब्द सरकारी अहवालांत सारखा येतो. त्याचा साधा अर्थ असा धरूया: दुसऱ्या प्रदेशाच्या तुलनेत, माल ठरल्या वेळी, ठरल्या स्थितीत, परवडेल अशा एकूण खर्चात पोचवण्याची ताकद, आणि त्या धंद्यातल्या माणसांचं पोट भरून ती ताकद वर्षानुवर्षं टिकवणं. या वाक्याचा दुसरा भाग मोजमापात बहुतेक वेळा गळतो. तोच गळू नये म्हणून हा लेख.

स्पर्धा कोणाशी, हेही आधी ठरवावं लागतं. लुधियानाचा किंवा दिल्लीजवळचा कारखानदार आपला कंटेनर न्हावाशेव्याला पाठवू शकतो किंवा कच्छमधल्या मुंद्र्याला. तिथं महाराष्ट्राची स्पर्धा गुजरातशी आहे. नाशिकच्या द्राक्षांची स्पर्धा मात्र युरोपच्या दुकानातल्या दक्षिण आफ्रिका, चिली आणि पेरूच्या द्राक्षांशी आहे. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपला जाणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा नाशिकच्या पेट्यांचा प्रवास कित्येक दिवसांनी लांबला. दक्षिण आफ्रिकेच्या द्राक्षांना त्या समुद्रातून जायचंच नव्हतं. महाराष्ट्रातला एकही रस्ता बिघडला नव्हता, तरी आपली स्पर्धाक्षमता घटली.

कुठल्या वर्षापासून मोजायचं

पुन्हा बंदराच्या आकड्याकडे येऊ. २०२०-२१मध्ये न्हावाशेव्याला सुमारे ४६.८ लाख टीईयू आले. तिथून ७३ लाखांपर्यंतची वाढ म्हणजे चार वर्षांत ५६ टक्के, दरसाल जवळपास १२ टक्के. भाषणाला उत्तम आकडा. पण २०२०-२१ हे करोनाचं वर्ष होतं. २०१८-१९मध्ये हेच बंदर ५१.३ लाखांवर होतं. तिथून मोजलं तर सहा वर्षांत ४२ टक्के, म्हणजे दरसाल साधारण ६ टक्के. बंदर तेच, क्रेन त्याच. सुरुवातीचं वर्ष बदललं आणि वेग निम्मा झाला.

शिवाय वाढ झाली म्हणजे स्पर्धा जिंकली असं नाही. त्याच २०२०-२१ मध्ये मुंद्रा ५६ लाखांच्या पुढे गेलं आणि कंटेनरच्या संख्येत त्यानं न्हावाशेव्याला मागं टाकलं. आपण वाढतोय का आणि दुसऱ्याच्या तुलनेत वाढतोय का, हे दोन प्रश्न वेगळे ठेवले नाहीत तर पुढचं सगळं मोजमाप फसतं.

हे वेगळे करण्याची एक जुनी पद्धत आहे. प्रादेशिक अर्थशास्त्रात तिला शिफ्ट-शेअर म्हणतात. एडगर डन या अमेरिकी अभ्यासकानं १९६०मध्ये ती नीट मांडली. वर्गातल्या एका मुलाचे मार्क वाढले, तर आधी बघायचं की पेपरच सोपा होता का, म्हणजे सगळ्यांचेच वाढले का. मग बघायचं की त्या विषयात सगळ्या शाळांत वाढले का. उरलेले जे, ते त्या मुलाचे. मालवाहतुकीला हेच लावू. समजा, पाच वर्षांत एखाद्या राज्यात मालवाहतुकीतला रोजगार ३० टक्क्यांनी वाढला. त्याच काळात देशातला सगळ्या क्षेत्रांचा मिळून रोजगार १० टक्क्यांनी वाढला आणि देशभरातला मालवाहतुकीचा रोजगार २५ टक्क्यांनी. तर ३०पैकी १० टक्के हे देशाच्या सर्वसाधारण वाढीचे, पुढचे १५ हा धंदाच सगळीकडे फोफावतोय म्हणून मिळालेले, आणि फक्त ५ टक्के त्या राज्याच्या अंगच्या गुणाचे. हा शेवटचा आकडा उणेही येऊ शकतो. राज्य २० टक्क्यांनी वाढलं असतं तर तो उणे ५ आला असता, आणि जाहिरातीत मात्र "२० टक्के वाढ" असंच छापलं गेलं असतं.

जीडीपीच्या टक्केवारीचा घोळ

भारतात मालवाहतूक आणि साठवणुकीचा खर्च जीडीपीच्या १३-१४ टक्के आहे, प्रगत देशांत तो ८ टक्क्यांच्या आसपास, हे वाक्य वर्षानुवर्षं प्रत्येक परिषदेत ऐकू यायचं. सप्टेंबर २०२२मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण आलं तेव्हाही हीच तुलना डोळ्यांपुढे होती. मग एनसीएईआर या आर्थिक संशोधन संस्थेनं सरकारसाठी नीट पद्धतशीर हिशेब मांडला. २०२३च्या अखेरीस आलेल्या पहिल्या अंदाजात २०२१-२२ साठी ७.८ ते ८.९ टक्के आले. २०२५मध्ये आलेल्या सविस्तर अहवालात २०२३-२४साठी ७.९७ टक्के.

म्हणजे तेरा-चौदावरून आठवर. यातला मोठा हिस्सा ट्रक जोरात धावायला लागल्यामुळे आलेला नाही, मोजणी सुधारल्यामुळे आलेला आहे. हे वाईट नाही. खोटा आकडा गेला हे फार बरं झालं. पण ज्यांनी या घसरणीचा अर्थ "कार्यक्षमता वाढली" असा लावला, त्यांनी दोन वेगळ्या फूटपट्ट्यांनी एकच कापड मोजलं.

राज्याच्या पातळीवर ही टक्केवारी आणखी फसवी होते. भागाकारात खाली राज्याचं एकूण उत्पन्न असतं. महाराष्ट्राच्या उत्पन्नात मुंबईच्या बँका, विमा कंपन्या, शेअर बाजार, पुण्यातलं आयटी असं बरंच काही आहे ज्याला ट्रक लागत नाही. त्यामुळे आपली टक्केवारी आपोआप लहान दिसते. ओडिशा किंवा छत्तीसगडमध्ये लोखंड, कोळसा, सिमेंट जास्त, म्हणून त्यांची मोठी दिसणार, मग त्यांची मालगाडी आपल्या ट्रकपेक्षा कितीही स्वस्तात धावो. दोन राज्यांची तुलना या टक्केवारीवर करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एकाच राज्याची स्वतःशी, एकाच पद्धतीनं, वर्षागणिक केली तर थोडाफार उपयोग आहे.

एका ट्रेलरचा हिशेब

आता रस्त्यावर उतरू. पिंपळगाव बसवंतच्या परिसरातून न्हावाशेव्यापर्यंत अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. या मार्गावर चालणाऱ्या एका ट्रेलरचा महिन्याचा खर्च मांडूया. आकडे समजायला सोपे म्हणून गोल घेतले आहेत, गाडीगणिक ते बदलतील.

काही खर्च गाडी उभी असली तरी होतातच: बँकेचा हप्ता, विमा, परमिट, पासिंग, ड्रायव्हरचा पगार. समजा महिन्याला १,२०,००० रुपये. काही खर्च चाक फिरलं की होतात: डिझेल, टोल, टायर, ऑइल, दुरुस्ती. समजा किलोमीटरला ४० रुपये. गाडी महिन्यात ६,००० किलोमीटर चालली तर एकूण खर्च ३,६०,००० रुपये.

यातले किती किलोमीटर भाड्याचे? समजा जाताना भरून, येताना रिकामी. म्हणजे ३,०००. भरलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे खर्च पडला १२० रुपये. गाडीत २० टन माल असेल तर एक टन माल एक किलोमीटर नेण्याचा खर्च ६ रुपये. यालाच टन-किलोमीटरचा खर्च म्हणतात, आणि वाहतुकीची तुलना करायला यापेक्षा प्रामाणिक एकक नाही.

आता परतीच्या दर दोन फेऱ्यांपैकी एकीला भाडं मिळालं. भरलेले किलोमीटर झाले ४,५००. तोच ३,६०,००० खर्च त्यांवर वाटला की किलोमीटरला ८० रुपये, टन-किलोमीटरला ४ रुपये. (रिकामी गाडी डिझेल कमी पिते, तो फरक इथे सोडून दिलाय.) पुढचं पाऊल: गेटवरचा, गोदामावरचा खोळंबा कमी झाला आणि गाडी महिन्यात ६,००० ऐवजी ९,००० किलोमीटर चालली. एकूण खर्च ४,८०,०००, भरलेले किलोमीटर ६,७५०. टन-किलोमीटरला साधारण साडेतीन रुपये.

सहा रुपयांवरून साडेतीन. डिझेलचा भाव एका पैशानं बदललेला नाही, ड्रायव्हरचा पगार कापलेला नाही, नवीन रस्ता बांधलेला नाही. याच हिशेबात डिझेल लिटरमागे ५ रुपयांनी स्वस्त झालं असं धरून बघा. गाडी लिटरला साडेतीन किलोमीटर देत असेल, तर किलोमीटरला जवळपास दीड रुपया वाचतो, महिन्याला साडेआठ हजारांच्या आसपास. तीन लाख साठ हजारांत ही बचत अडीच टक्केही भरत नाही. परतीचं भाडं मिळाल्यानं खर्च एक तृतीयांशानं उतरला होता. दर वेळी चर्चा डिझेलवर होते आणि परतीच्या भाड्यावर, उभ्या गाडीवर होत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण छोट्या मालकाचं घर त्यावर चालतं.

महिन्याला ३,००० किलोमीटर जास्त म्हणजे दिवसाला १००. सरासरी पस्तीस-चाळीसच्या वेगानं ते जेमतेम तीन तासांचं चालणं. म्हणजे दिवसातले तीन उभे तास कमी झाले तर एवढा फरक पडतो. हे तास जातात कुठे, हे या मार्गावर गाडी चालवणाऱ्या कुणालाही तोंडपाठ असतं: पॅकहाऊसवर (माल निवडून पेट्यांत भरतात तिथं) भरणीची वाट, काट्यावर वजन, कसारा घाटात बंद पडलेली एखादी गाडी, भिवंडी बायपासची कोंडी, शहरांत अवजड वाहनांना बंदी असलेल्या वेळा, मुंब्रा आणि शिळफाटा, मग करळ फाटा, पार्किंग प्लाझा, कागद, गेट. भारतात ट्रक दिवसाला सरासरी ३०० किलोमीटरच्या आसपासच चालतो, असं सरकारी कागदांत अनेकदा येतं. दोष इंजिनाचा नाही.

द्राक्षांच्या बाबतीत तर रिकामी फेरी व्यवस्थेतच बसलेली आहे. रीफर कंटेनर, म्हणजे थंड ठेवणारी पेटी, उरणकडच्या यार्डातून रिकामी उचलायची, घाट चढवून निफाड-दिंडोरीला न्यायची, पॅकहाऊसवर भरायची आणि खाली आणायची. नाशिकला परदेशातून जो माल येतो तो बहुतेक साध्या पेट्यांतून. ती पेटी द्राक्षाला चालत नाही. हंगामात सगळ्यांनाच रीफर हवे असतात आणि हंगाम सरला की कुणालाच नको असतात. एखादा अभ्यास जर नाशिक पट्ट्यातल्या रिकाम्या फेऱ्या मोजून "इथले वाहतूकदार अकार्यक्षम" असा निष्कर्ष काढत असेल, तर त्यानं पेटीचा प्रकार बघितलेला नाही. अशा ठिकाणी तुलना करायची ती दुसऱ्या कुठल्या तरी शेतमाल निर्यात करणाऱ्या पट्ट्याशी. भिवंडीच्या ई-कॉमर्स गोदामांशी नाही.

सरासरी वेळ कामाची नाही

खर्चाइतकीच वेळ महत्त्वाची, हे सगळे मान्य करतात. पण वेळ मोजताना बहुतेक अहवाल सरासरी देतात.

दोन वाहतूकदार घ्या. पहिल्याची गाडी दर खेपेला दोन दिवसांत पोचते. दुसऱ्याच्या पाच खेपा अशा: एक दिवस, एक दिवस, एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. बेरीज दहा, सरासरी दोन. दोघांची सरासरी अगदी सारखी. पण चाकणच्या कारखान्याला दुसऱ्याकडून सुटे भाग घ्यायचे असतील तर त्याला पाच दिवसांचा साठा जवळ ठेवावा लागतो, कारण उशीर कोणत्या खेपेला होईल हे माहीत नाही. त्या साठ्यात पैसा अडकतो, त्याला गोदाम लागतं, त्यावर व्याज चढतं. हा खर्च वाहतुकीच्या बिलात कुठेही दिसत नाही. म्हणून चांगलं मोजमाप विचारतं: शंभरपैकी ९५ गाड्या किती तासांत पोचल्या? गाड्या वेळेच्या क्रमानं लावल्या तर मधली गाडी आणि पंच्याण्णवावी गाडी यांच्यात जितकं अंतर जास्त, तितका तो मार्ग बेभरवशाचा.

निर्यातीत तर बेभरवसा थेट जहाज चुकवतो. बंदराच्या गेटची शेवटची वेळ ठरलेली असते. ती हुकली की पेटी पुढच्या जहाजाची वाट बघत थांबते. द्राक्षाला ते परवडत नाही.

बंदरांचं मोजमाप या दृष्टीनं बघण्यासारखं आहे. जागतिक बँकेच्या २०२३च्या लॉजिस्टिक्स निर्देशांकात भारत १३९ देशांत ३८वा आला, आणि भारतीय बंदरांत जहाज सरासरी ०.९ दिवसांत काम उरकून बाहेर पडतं अशी नोंद त्यात होती. अनेक श्रीमंत देशांपेक्षा हे चांगलं आहे. पण त्याच वर्षाच्या सीमाशुल्क खात्याच्या राष्ट्रीय अभ्यासात देशातल्या बंदरांवर आयात माल सुटायला सरासरी ८५ तासांहून थोडा जास्त वेळ लागतो असं दिसलं. उद्दिष्ट ४८ तासांचं होतं. जहाज एका दिवसात मोकळं होतं आणि माल साडेतीन दिवसांनी. समुद्राच्या बाजूला आपण जगाच्या बरोबरीला आहोत, जमिनीच्या बाजूला नाही. एकच "बंदराची कार्यक्षमता" असा आकडा काढला की हे दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि दुरुस्ती कुठे करायची ते कळत नाही. न्हावाशेव्याला येणाऱ्या-जाणाऱ्या कंटेनरपैकी रेल्वेनं जाणारे पाचव्या हिश्श्यापेक्षा कमी, बाकी सगळे रस्त्यानं. जमिनीच्या बाजूचा ताण तिथून येतो.

वाचलेल्या वेळेची किंमत मालागणिक बदलते, हेही लक्षात ठेवायला हवं. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, जून २०२५मध्ये तो इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा धरून पूर्ण खुला झाला. जालन्याहून सळ्यांची गाडी मुंबईकडे निघाली आणि तिचे सहा तास वाचले असं समजू. गाडीत १५ लाखांच्या सळ्या असतील आणि व्याज १२ टक्के धरलं, तर सहा तासांचं व्याज साधारण सव्वाशे रुपये. त्यासाठी कुणी टोल भरणार नाही. गाडीच्या बांधील खर्चाचे सहा तास मात्र हजार रुपयांचे, वरच्या हिशेबाप्रमाणे. पण हे हजार रुपये तेव्हाच हाती येतात जेव्हा त्या सहा तासांत गाडी पुढचं भाडं घेऊन निघते. पहाटे तीनला पोचून गोदामाचं शटर नऊला उघडणार असेल, तर महामार्गानं वाचवलेले सहाच्या सहा तास गोदामाच्या दारात संपतात. रस्त्याचा फायदा मोजताना दोन्ही टोकांची शटरं मोजली पाहिजेत.

स्वस्त भाड्याची किंमत कोण भरतं

भाड्याचा दर कमी, म्हणजे प्रदेश स्पर्धाक्षम, असं समीकरण बऱ्याच अहवालांत गृहीत असतं. ते मला मुळीच पटत नाही.

दर कमी असण्याची एक वाट ओव्हरलोडची आहे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात रस्त्यांची मोठी चाचणी झाली होती. तिच्यातून निघालेला आडाखा आजही जगभर वापरतात: रस्त्याची झीज धुरीवरच्या (अ‍ॅक्सलवरच्या) वजनाच्या साधारण चौथ्या घाताच्या पटीत वाढते. १० टनांऐवजी एका धुरीवर १२ टन आले, म्हणजे वजन २० टक्के वाढलं, तर झीज दुप्पट. आपल्याकडे जुलै २०१८ मध्ये केंद्रानं धुरीच्या वजनाची कायदेशीर मर्यादाच वाढवली. दहा टायरची गाडी २५ टनांवरून एकूण २८.५ टनांपर्यंत नेता येऊ लागली. कायदेशीर मर्यादेच्या वर आणखी भरलं की टन-किलोमीटरचा दर आणखी उतरतो, माल पाठवणारा खूश होतो, आणि खड्ड्यांचं बिल सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, म्हणजे आपल्या सगळ्यांकडे येतं. मोजमापात हा खर्च धरला नाही तर सगळ्यात जास्त ओव्हरलोड करणारा जिल्हा सगळ्यात स्पर्धाक्षम ठरेल.

दुसरी वाट माणसाच्या अंगावरून जाते. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१चा, नोव्हेंबर २०२५मध्ये तो नव्या कामगार संहितेत विलीन झाला. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास अशी कामाची मर्यादा त्यात लिहिलेली होती. लांब पल्ल्यावर एकटा ड्रायव्हर गाडी नेतो तेव्हा ही मर्यादा किती पाळली जाते, हे रात्री दोनला कुठल्याही महामार्गावरच्या ढाब्यावर थांबून बघावं. मोठ्या ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला, आणि तोही नव्या गाड्यांपुरता.

तिसरी वाट म्हणजे मालकाचा अपुरा हिशेब. देशातले बहुसंख्य ट्रकमालक हातावर मोजण्याइतक्याच गाड्यांचे धनी आहेत. ब्रोकरनं सांगितलेलं भाडं डिझेल-टोल सुटेल इतकं असलं की गाडी भरली जाते, कारण उभी ठेवली तरी हप्ता आहेच. घसारा कुणी धरत नाही. पाच-सात वर्षांनी गाडी विकायची वेळ येते तेव्हा नवीन गाडीसाठी पैसा शिल्लक नसतो. अशा दरावर उभी असलेली स्वस्ताई म्हणजे मालकाचं भांडवल हळूहळू संपणं.

त्यात हमाली आणि वाराई. माल भरण्या-उतरवण्याचा खर्च कुणी द्यायचा यावर वर्षानुवर्षं भांडण आहे. "ज्याचा माल त्याचा हमाल" ही वाहतूकदारांची घोषणा त्यातूनच आली. २०२४च्या एप्रिलमध्ये नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत हमाली, तोलाई, वाराईच्या कपातीवरून कांद्याचे लिलाव बंद पडले होते. हा खर्च कधी शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून जातो, कधी ड्रायव्हरच्या खिशातून. वाहतुकीच्या दराच्या तक्त्यात तो शोधून सापडत नाही.

अनुदानाचंही तसंच. ७ ऑगस्ट २०२०ला देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल सुटली. पुढे फळं-भाजीपाल्याच्या भाड्यावर ५० टक्के सवलत मिळाली. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, तो हवाच होता. पण त्या काळातलं रेल्वेचं भाडं आणि ट्रकचं भाडं शेजारी ठेवून कार्यक्षमतेची तुलना करायची असेल, तर सवलतीची रक्कम आधी रेल्वेच्या भाड्यात परत धरायला हवी.

गाड्या मोजायच्या, पण कुठल्या

अभ्यासकांचं आणखी एक आवडतं माप आहे, स्थान-गुणांक. राज्यातल्या रोजगारात मालवाहतुकीचा वाटा किती आणि देशातल्या रोजगारात किती, याचा भागाकार. उत्तर १च्या वर आलं की तो प्रदेश त्या धंद्यात विशेष आहे असं समजतात. रायगड किंवा ठाणे जिल्ह्यासाठी हे उत्तर मोठं येणार हे सांगायला गणित नको. पण गुणांक मोठा का आला, हे तो सांगत नाही. माल जास्त आहे म्हणून, की एकेक पेटी हलवायला दुप्पट माणसं आणि दुप्पट वेळ लागतो म्हणून?

आकडे गोळा करतानाच काही सापळे आहेत. महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर नागालँड पासिंगच्या अवजड गाड्या सर्रास दिसतात; तिथली नोंदणी सोयीची आणि स्वस्त पडते म्हणून मालक तिथं गाडी पासिंग करतात. तेव्हा आरटीओतल्या नोंदणीवरून ताफा मोजला तर तो कमी भरेल. डिझेलच्या विक्रीवरून मोजायचं म्हटलं, तर राज्याराज्यांतल्या करांमुळे भाव वेगळे, आणि ड्रायव्हर स्वस्त बाजूला टाकी फुल करून सीमा ओलांडतो. जीडीपीच्या हिशेबातून काढायचं म्हटलं, तर कारखान्याच्या स्वतःच्या मालकीचे ट्रक कारखानदारीत धरले जातात, वाहतुकीत नाहीत. उसाच्या हंगामातले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या तर कुठेच नसतात.

म्हणून एकाच आकड्यावर विसंबणाऱ्या कुठल्याही क्रमवारीकडे जरा सावधपणे बघावं. केंद्राचं लीड्स हे राज्यांचं मूल्यांकन २०१८ पासून होतं. सुरुवातीला क्रमांक दिले जायचे आणि गुजरात पहिला यायचा. २०२२ पासून राज्यांना गटांत घालतात. महाराष्ट्र २०२२मध्ये वरच्या गटात होता, २०२३मध्ये मधल्या गटात गेला, २०२४मध्ये परत वर आला. एवढ्या काळात राज्यातले घाट, गेट आणि गोदामं दोनदा बदलली नाहीत. मूल्यांकनात वाहतूक-सेवा वापरणाऱ्यांची मतं विचारतात, धोरणं तपासतात, त्यांचं वजन बदलतं, शेजारची राज्यं पुढे सरकतात. राज्य सरकारला काय करायचं बाकी आहे याची यादी म्हणून लीड्स उपयोगी आहे. माल पाठवणाऱ्यानं त्यावरून मार्ग निवडू नये.

आकडे पडून आहेत

सगळ्यात आशेची गोष्ट ही की मोजमापाला लागणारी बरीचशी माहिती आधीच गोळा होतेय. १ एप्रिल २०१८पासून आंतरराज्य मालाला ई-वे बिल लागतं. कुठून, कुठे, काय, केवढ्याचं, कुठल्या गाडीतून, सगळं त्यात असतं. फेब्रुवारी २०२१पासून फास्टॅग सक्तीचा आहे, म्हणजे प्रत्येक टोलनाक्यावर गाडीची वेळ नोंदली जाते. न्हावाशेव्याच्या कंटेनरवर २०१६पासून आरएफआयडी (रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारे) टॅग लागतात. पेटी गेटमधून कधी आत गेली, कधी बाहेर आली, हे मिनिटापर्यंत माहीत असतं. गाडीचा नंबर आणि मालकाचं नाव झाकून या तीन नोंदी जोडल्या, तर नाशिक-न्हावाशेवा, जालना-न्हावाशेवा, चाकण-न्हावाशेवा, नागपूर-भिवंडी अशा एकेका मार्गासाठी दर महिन्याला तीन गोष्टी छापता येतील: मधल्या गाडीला आणि पंच्याण्णवाव्या गाडीला लागलेले तास; एकूण किलोमीटरपैकी भरलेले किती; आणि उभ्या तासांपैकी किती रस्त्यावर, किती गेटवर, किती मालाच्या मालकाच्या दारात. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गरजेची, कारण वाहतूकदार आज खोळंब्याचे पैसे मागतो तेव्हा त्याच्याकडे पुरावा म्हणून फक्त बिल्टीच्या (मालासोबतच्या पावतीच्या) मागं पेनानं लिहिलेली वेळ असते.

हे काम लांबवण्यासारखं नाही. डहाणू तालुक्यात वाढवणचं बंदर होतंय. जून २०२४ मध्ये त्याला मंजुरी मिळाली तेव्हा खर्चाचा अंदाज ७६,२२० कोटी रुपयांचा होता. दिल्लीजवळच्या दादरीहून येणाऱ्या सुमारे १,५०० किलोमीटरच्या मालवाहतूक रेल्वेमार्गाचा वैतरणा ते न्हावाशेवा हा तुकडाच सगळ्यात मागे रेंगाळला. या दोन्हींचा फायदा पुढे मोजायचा असेल तर आधीची स्थिती नोंदलेली हवी, आणि ती एखाद्या सोयीच्या वर्षाची असून चालणार नाही. निदान तीन हंगामांची, द्राक्षाच्या आणि कांद्याच्या महिन्यांसकट, मार्गवार हवी.